पेटी मिळाली, फार गोड आहे!

“महाराज, शेपूट सांभाळा!” स्पृहा ओरडली, पण तोवर महाराज आपल्याच शेपटावर पाय देऊन तोंडघशी पडले होते.

“हे शेपूट शिवलंय कुणी?” महाराजांनी, म्हणजे दिग्विजयने, जमिनीवरूनच विचारलं. “सव्वा मीटरचा राजा आणि तीन मीटरचं शेपूट!”

“भारदस्त हवं, भारदस्त हवं, असं कोण म्हणत होतं?” राणी झालेली निशा कमरेवर हात ठेवून म्हणाली. “आता भोगा, महाराज!”

वारज्याच्या गावठाणात दर मे महिन्यात कलामेळा भरतो. चित्रं, रांगोळ्या, लेझीम, भारूड असं तीन दिवस चालतं आणि शेवटच्या संध्याकाळी मुलांचं संगीत नाटक होतं. यंदाचं नाटक होतं ‘शेपूट हरवलेला राजा’, आणि ते आज संध्याकाळी सहा वाजता व्हायचं होतं. दिग्दर्शिका होती स्पृहा. तिला कुणी नेमलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी ती शिट्टी घेऊन आली, तेव्हा वाद घालायची कुणाची हिंमत झाली नाही. राणी निशा, कारण तिच्यासारखा गळा अख्ख्या गावठाणात कुणाचा नव्हता. आणि राजा दिग्विजय, कारण त्याचा आवाज हायवेपर्यंत ऐकू जायचा. फक्त एक अट होती, गाणं सुरू झालं की त्याने नुसते ओठ हलवायचे. हा ठराव एकमताने पास झाला होता. एक मत विरोधात होतं, पण ते दिग्विजयचंच असल्यामुळे धरलं नाही.

“चला रे, एकदा पेटीवर गाऊन घ्या,” संपतआबा म्हणाले आणि पेटी आणायला समाजमंदिराच्या मागच्या खोलीकडे गेले. पेटी म्हणजे हार्मोनियम. पण आबांसमोर कुणी ‘हार्मोनियम’ म्हटलं तर ते “ही कुठल्या गावची?” असं विचारायचे. चाळीस वर्षं ते तीच पेटी वाजवत होते. तिच्यासाठी त्यांच्या घरच्या आजींनी जुन्या लुगड्याची हिरवी खोळ शिवली होती.

आबा परत आले ते रिकाम्या हातांनी. चेहरा पांढराफटक पडला होता.

“पेटी नाही,” ते एवढंच म्हणाले.

पाच मिनिटांत मांडवभर गोंधळ उडाला. खोलीत शोधलं, स्टेजखाली शोधलं, सतरंज्या उलट्या केल्या. पेटी काही मिळेना. तेवढ्यात कलामेळा समितीचे अध्यक्ष बापूराव आले. बापूरावांच्या शेतांवर आता सात मजली इमारती उभ्या होत्या, पण त्यांचं बोलणं अजून बांधावरचंच होतं.

“खोलीची किल्ली कुणाकडं हाय?” त्यांनी विचारलं.

“माह्याजवळ हाये जी,” निशाचे बाबा पुढे आले. रामदासकाका तीन वर्षांपूर्वी यवतमाळहून आले होते. समाजमंदिराची झाडलोट, दिवाबत्ती, राखण सगळं त्यांच्याकडे होतं आणि मागच्याच बाजूच्या एका खोलीत निशाचं बिऱ्हाड होतं.

“मग पेटी कुठं हाय, रामदास?”

“सकाळी सातले खोली झाडाले उघडली जी. पानी आनाले गेलो, दहा मिनिटं. आलो तं कुलूप लावलं. तवा पेटीकडं ध्यान नाही गेलं.”

“दहा मिनिटांत पेटीला पाय फुटले व्हय रं?” बापूराव गरजले. मांडवात तीस-चाळीस माणसं होती. सगळ्यांचे हात थांबले. “हे बघ, पाच वाजेपर्यंत पेटी जागेवर दिसली पायजे. न्हाई दिसली, तर किल्ली या टेबलावर ठेव आन् खोली मोकळी कर. उद्यापास्नं दुसरा माणूस येईल!”

रामदासकाकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मान खाली घालून ते झाडू उचलायला वळले.

निशाने डोक्यावरचा मुकुट काढून स्पृहाच्या हातात दिला. ती एरवी चांगलं पुणेरी बोलायची, पण चिडली की तिची बोली थेट यवतमाळची व्हायची.

“माह्या बाबाले चोर म्हनते! मी नाही करत तुमचं नाटक!”

“निशा, थांब!”

“कायले थांबू? उद्या खोली सुटली तं मी गावी जाईन. मंग शाळा बी गेली अन् नाटक बी गेलं!”

स्पृहाने तिचा हात धरून ठेवला. तिची विसरलेली पाण्याची बाटली दोनदा घरी आणून देणारे रामदासकाका पेटी चोरतील? छे! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तिला इतका राग आला की कानशिलं तापली.

नेमके तेव्हाच समितीचे सचिव आनंदकाका आले. आनंदकाका हिंजवडीत आयटीमध्ये होते आणि कलामेळा मोबाइलवरून चालवायचे. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात, ते त्यांच्याकडे बघून कळायचं.

“बापूराव, पेटीचं ऐकलं मी. दुसरी मागवतो, काळजी नको,” ते म्हणाले. “एक चांगली बातमी आहे. प्रमुख पाहुण्या सुशीलाबाईंकडे आंबे पोचले! देवगड हापूस, सकाळीच पाठवले. बाईंचा मेसेज पण आला, फार गोड आहे म्हणून!”

एवढं बोलून ते फोन कानाला लावून जनरेटरवाल्याशी भांडायला निघून गेले. स्पृहा मात्र जागच्या जागी थबकली. त्या वाक्यात काहीतरी खुपत होतं. काय ते कळत नव्हतं, पण चपलेत खडा गेल्यासारखं टोचत होतं.

“चल, खोली परत बघू,” ती दिग्विजयला म्हणाली. “आणि निशा, तू पण ये. रडायचं असेल तर रात्री रड, आत्ता वेळ नाही.”

“माझं रडनं काय तुझ्या टाइमटेबलवर चालते?” निशा डोळे पुसत म्हणाली, पण आली.

मागच्या खोलीत सतरंज्या, बांबू आणि गेल्या वर्षीचे बॅनर होते. दिग्विजय दारातच उभा राहून नाक वर करून हुंगायला लागला.

“काय रे?”

“शू! मला वास येतोय.”

“उंदीर मेला असेल.”

“उंदराचा वास इतका छान नसतो,” दिग्विजय म्हणाला आणि शेपटासकट टेबलाखाली शिरला. एक बॅनर बाजूला झाला आणि आतून किंकाळी आली, “आंबे! अख्खी पेटी आहे!”

तिघं गुडघ्यांवर बसली. लाकडी पेटी, आत पेंढा, आणि पेंढ्यात पिवळेधमक हापूस. वरची फळीसुद्धा उघडलेली नव्हती. फटीतूनच दिसत होतं.

“पण आंबे तर सुशीलाबाईंकडे पोचले ना?” निशा म्हणाली. “त्यांना गोड पन लागले!”

“पोचलेच नाहीत, तर गोड कसे लागले?” दिग्विजय म्हणाला.

आणि स्पृहाच्या चपलेतला खडा एकदम सापडला!

“आहे!” ती ओरडली. “काका म्हणाले, बाईंनी लिहिलंय फार गोड *आहे*. आंबे गोड *आहेत* होतं, आहे नाही! एकवचन! बाई काहीतरी एकाच वस्तूबद्दल बोलतायत!”

“मराठीच्या बाईंनी हे ऐकलं असतं तर त्या आनंदाने रडल्या असत्या,” दिग्विजय म्हणाला.

तिघं धावत आनंदकाकांकडे गेली. काका एका कानाला एक फोन आणि दुसऱ्या कानाला दुसरा लावून उभे होते.

“काका, बाईंचा मेसेज नीट वाचून दाखवा ना! एकदाच!”

“अगं, आत्ता... बरं, हा घे, वाच,” काकांनी एक फोन पुढे केला.

*पेटी मिळाली. फार गोड आहे. आभारी आहे.*

“आणि आंबे न्यायला तुम्ही कुणाला सांगितलं होतं?”

“पियुषला. माझा पुतण्या. हे काय वरच आहे.”

*पियुष, समाजमंदिरातली पेटी सुशीलाबाईंच्या घरी पोचव. आपटू नकोस, नाजूक आहे.* आणि त्याखाली पियुषदादाचं उत्तर होतं, *पेटी पोचली* आणि एक अंगठा.

स्पृहा, निशा आणि दिग्विजय एकमेकांकडे बघत राहिली. सुशीलाबाई म्हणजे नामवंत गायिका. गाणाऱ्या बाईंच्या घरी पेटी पोचव, असं सांगितल्यावर कुठला माणूस टेबलाखाली आंबे शोधेल? समोर हिरव्या खोळीतली पेटी होती, पियुषदादाने ती उचलली आणि नेली!

“काका, तुमची आंब्याची पेटी खोलीतच आहे! पियुषदादाने आबांची पेटी नेली!”

“काहीतरीच काय! ती बापूरावांची पेटी असेल. मेमध्ये पुण्यात घरटी एक पेटी असते.”

“मग पियुषदादाला विचारा ना!”

काकांनी वैतागून फोन लावला. पियुषदादा सकाळीच मित्रांबरोबर खडकवासल्याच्या पुढे कुठेतरी गेला होता आणि त्याचा फोन संपर्कक्षेत्राबाहेर होता.

“बाईंना लावा!”

“बाई दुपारी फोन बंद ठेवतात. आणि चालू असता तरी काय विचारू? ‘बाई, तुम्ही आंबे खाल्लेत की पेटी?’ समितीची शोभा होईल! जा, नाटकाची तयारी करा. हॅलो, हां, जनरेटर...”

आनंदकाका पाठ करून निघून गेले. निशाने ओठ चावला. पलीकडे रामदासकाका खाली मान घालून खुर्च्या पुसत होते, आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बापूरावांना नुसतं सांगून भागणार नव्हतं, त्यांना पेटी जागेवर दिसायला हवी होती.

“बिबवेवाडी,” स्पृहा म्हणाली. “निमंत्रणाच्या पाकिटांवर पत्ते मीच लिहिलेत. बाईंचा पत्ता पाठ आहे मला.”

तिने संपतआबांना सगळं सांगितलं आणि त्यांच्या फोनवरून आईला फोन लावला. आई बँकेत होती. तिने दोन प्रश्न विचारले, मग म्हणाली, “तिघं मिळून जा, आबांचा फोन जवळ ठेवा, आणि पोचल्यावर कळवा. आणि स्पृहा, दुसऱ्याच्या दारात शिट्टी वाजवू नकोस.”

आबांनी फोन दिला आणि बसच्या तिकिटाचे पैसेही दिले. “मी आलो असतो, पण हे गुडघे! तोवर इथे मी रामदासजवळ बसतो. आज त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं.”

स्वारगेटची बस, तिथून बिबवेवाडीची बस. दुसऱ्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती आणि दिग्विजय राजाच्या वेशातच होता, कारण गडबडीत शेपूट सोडायचं राहून गेलं होतं.

“बाळ, शेपूट जरा आत घे, दार लागत नाहीये,” कंडक्टर अगदी शांतपणे म्हणाला. असली माणसं तो रोज बघत असावा.

साडेतीन वाजता ती सुशीलाबाईंच्या बैठ्या बंगल्यासमोर उभी होती. दारावर पाटी होती:

*दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये. घंटी चालू आहे, आम्ही बंद आहोत.*

“झालं!” दिग्विजय मटकन पायरीवर बसला. “चारपर्यंत थांबायचं? मग परत पोचायला साडेपाच!”

“पाचला बाबांनी किल्ली ठेवलेली असेल,” निशा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

स्पृहा टाचा उंच करून खिडकीतून डोकावली. आत बैठकीवर हिरव्या खोळीतली एक ओळखीची वस्तू होती! तिने तोंडावर हात दाबला नसता तर तिथेच ओरडली असती.

“पेटी आतच आहे,” ती कुजबुजली. “आता बाईंना उठवायचं कसं? घंटी वाजवायची नाही, असं लिहिलंय.”

“मी गाऊ?” निशा म्हणाली. “गाणं ऐकून येतील बाहेर.”

स्पृहाने मान हलवली. “नको. तू चांगलं गातेस. चांगलं गाणं ऐकून बाई आणखी गाढ झोपतील.” मग ती हळूच दिग्विजयकडे वळली. निशाही वळली.

“काय? माझ्याकडे काय बघताय?” दिग्विजय म्हणाला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. “खरंच? ओठ हलवायचे नाहीत? आवाजासकट?”

“आवाजासकट!”

दिग्विजय उठला. त्याने शेपूट खांद्यावर टाकलं, छाती भरून श्वास घेतला आणि महिनाभर आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं:

“राजा राजा, शेपूट कुठंऽऽऽ! शोधा शोधा, जाईल कुठंऽऽऽ!”

समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. पलीकडच्या सोसायटीत एक कुत्रं रडायला लागलं. दुसरं कडवं सुरू होतं न होतं तोच खिडकी धाडकन उघडली आणि पांढऱ्या केसांच्या, टपोऱ्या डोळ्यांच्या एक बाई बाहेर डोकावल्या.

“कोण आहे ते? बाळ, आपण गाताय की आपल्याला काही लागलंय?”

“गातोय, आजी,” दिग्विजय नम्रपणे म्हणाला.

“मग गाऊ नका. आणि ‘कुठं’वर तो गंधार आहे, आपण जे लावताय ते मांजरालाही लागत नाही.”

“आजी, आम्ही घंटी वाजवली नाही!” स्पृहा घाईघाईने म्हणाली. “पाटी वाचली आम्ही. आम्ही वारज्याहून आलोय. ही पेटी... ही चुकून आलीय. तुम्हाला खरं तर आंबे यायचे होते!”

मग तिने एका दमात सगळं सांगितलं, आहे-आहेत, पियुषदादा, दहा मिनिटं, पाच वाजता टेबलावर ठेवायची किल्ली. बाई आधी हसत होत्या, पण रामदासकाकांचं आलं तसं त्यांचं हसू थांबलं.

“म्हणजे इकडे मी सकाळपासून ही पेटी वाजवत बसले, आणि तिकडे तिच्यापायी एका माणसाला चोर ठरवलं?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, संध्याकाळी साथीला असेल ती पेटी आधी हाताखालून घालावी म्हणून पाठवलीय. हा तर चक्क ध चा मा झाला! तुझंच नाव निशा ना?”

निशाने मान डोलावली.

“डोळे पूस. पाच मिनिटांत साडी बदलते, गाडीने जाऊ. आणि हे शेपूट गाडीत घडी घालून ठेवायचं.”

पाचला दहा मिनिटं कमी असताना गाडी समाजमंदिरासमोर थांबली. बापूराव टेबलामागे बसले होते. समोर किल्ली होती. रामदासकाकांनी पाच वाजायची वाट बघितलीच नव्हती. मागच्या बिऱ्हाडातून निशाची आई भांडी बांधत असल्याचा आवाज येत होता. रामदासकाका लांब खांबाशी उभे होते, आणि संपतआबा त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले होते.

“नमस्कार!” सुशीलाबाई मांडवात शिरल्या. मागून स्पृहा आणि निशा, दोघींच्या मध्ये हिरव्या खोळीतली पेटी. “आनंदराव कोण?”

“मी, मी! बाई, आपण इतक्या लवकर? आणि ही...” आनंदकाका दोन्ही फोन सांभाळत पुढे आले.

“आंबे असते तर मी ‘गोड आहेत’ लिहिलं असतं, आनंदराव. मला व्याकरण येतं. आपल्या या मुलीलाही येतं, म्हणून निभावलं.”

मग काय झालं ते स्पृहाने सगळ्यांना सांगितलं, आणि दिग्विजयने टेबलाखालची आंब्याची पेटी पुरावा म्हणून आणून ठेवली. आनंदकाकांनी कपाळाला हात लावला. “चूक माझी. ‘पेटी’ लिहिलं, कुठली ते लिहिलंच नाही. आणि पोरं सांगत होती, तर ऐकूनही घेतलं नाही.” संपतआबा पेटीवरची खोळ काढून एकेक पट्टी दाबून बघत होते. त्यांचे डोळे भरले होते.

“वाघ हायेत ही पोरं!” बापूराव खूश होऊन म्हणाले. “पोलिसांना जमलं नसतं ते केलं! आनंद, हार मागव. आज स्टेजवर तिघांचा सत्कार!”

टाळ्या पडल्या. सुशीलाबाईंनी स्पृहाची पाठ थोपटली. पण स्पृहाचं लक्ष टेबलावरच्या किल्लीकडे होतं. बापूरावांशी मोठी माणसंही जपून बोलायची. तरी ती बोलली.

“सत्कार नको, बापूआजोबा. आज इथे सगळ्यांसमोर तुम्ही काकांना बोललात. ते अजून तसंच आहे.”

बापूरावांच्या कपाळाला आठी पडली. ते स्पृहाकडे बघत राहिले, मग निशाकडे, मग लांब खांबाशी उभ्या असलेल्या माणसाकडे. आणि ते उठले. टेबलावरची किल्ली दोन्ही हातांत घेऊन ते सगळ्यांच्या मधून चालत त्या खांबापाशी गेले. तीन वर्षांत त्यांनी “ए रामदास” याशिवाय रामदासकाकांना हाक मारली नव्हती.

“रामदासराव,” बापूराव म्हणाले, “माझं चुकलं. शहानिशा न करता बोललो. ही किल्ली घ्या. तुमच्याबिगर दुसरा माणूस इथं येनार न्हाई.”

रामदासकाकांनी किल्ली लगेच घेतली नाही.

“पेटी भेटली, बरं झालं जी,” ते म्हणाले. “पन साहेब, पुढच्या टायमाले अगुदर विचारा, मंग बोला. माही पोरगी उभी होती तिथं.”

“खरं हाय,” बापूराव हळू आवाजात म्हणाले. “खरं हाय तुमचं.”

मग रामदासकाकांनी किल्ली घेतली. निशा धावत जाऊन बाबांना बिलगली आणि मनसोक्त रडली. या वेळी स्पृहाने तिला वेळेची आठवण करून दिली नाही. उलट तीच नाक ओढत होती.

“चला, चला, माह्या खुर्च्या लावाच्या राह्यल्या,” रामदासकाका डोळे पुसत म्हणाले.

“खुर्च्या आनंद लावंल,” बापूराव म्हणाले. “तुम्ही पहिल्या रांगेत बसा, बाईंच्या शेजारी. लेकीचं नाटक हाय.”

“मंग दाराकडं कोन पाहीन?”

“मी हाय की!”

सहा वाजता आबांनी पेटीचा भाता ओढला. निशा मुकुट घालून स्टेजवर आली आणि तिने पहिला सूर लावला तेव्हा सुशीलाबाईंनी शेजारी बघून मान डोलावली. रामदासकाका खुर्चीच्या अगदी टोकावर ताठ बसले होते. आणि नाटक संपेपर्यंत वारज्याचे बापूराव दारात उभं राहून, उशिरा येणाऱ्यांना हळू आवाजात चपला बाहेर काढायला सांगत होते.